घरच्या घरी म्हणजे निम्मं बेळगाव

जुनी फियाट आहे म्हटल्यावर लोक दोनच प्रश्न विचारतात, ॲव्हरेज किती देते आणि विकायची आहे काय. सर्व्हिसिंग घरीच करतो कळलं की तिसरा येतो, मग पैसे बरेच वाचत असतील ना तुमचे? नाही ओ, कसले वाचतात. पाने घेतले, ग्रीस गन घेतली, बारीक फट मोजायचं फीलर गेज घेतलं, मग एका बोल्टासाठी आख्खा सॉकेट सेट घेतला आणि तो सेट बायकोला दिसू नये म्हणून पंधरा दिवस डिकीत ठेवला. त्या पैशात गॅरेजवाल्यानं चार वर्षं आनंदानं गाडी सांभाळली असती. आणि "घरी" हा शब्द पण तसा नावालाच, कारण गाडी उभी असते माझ्या अंगणात वडगावला, पण काम चालू असतं उद्यमबागेत, खडेबाजारात, कोल्हापुरात आणि शेजारच्या यंत्रमागावर, हे पुढं सांगतोच.

आधी गाडी. प्रीमियर पद्मिनी, आमच्याकडं तिला कुणी पद्मिनी म्हणत नाही, फियाटच. मूळची इटलीची फियाट 1100 डी, ती मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं 1964 पासून बनवायला घेतली, मधे प्रेसिडेंट असं नाव झालं आणि 1974 ला पद्मिनी. इंजिन 1089 सीसी, चार सिलिंडर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. माझी निपाणीहून आली, एका तंबाखूच्या वखारीत बरीच वर्षं झाकून उभी होती, आणि अजून पावसाळ्यात काचा लावल्या की सीटमधनं तंबाखूचा वास उठतो. मी आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही आणि माझ्या गाडीला बिडीचा वास, असो.

ही लय भारी गाडी होती असं मी म्हणणार नाही. आता फोटो टाकून हळहळणारे बरेच आहेत, पण स्टिअरिंग जड, गिअरच्या दांड्याचे बुश झिजले की दुसऱ्याऐवजी कुठं पडेल नेम नाही, आणि उन्हाळ्यात घाटात रेडिएटरचं पाणी उकळणार म्हणजे उकळणार. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे ते प्रेमापोटी नव्हे, दुसरं काही मिळतच नव्हतं. डिसेंबर 1983 ला मारुती 800 आली आणि ज्याला शक्य होतं त्यानं तिकडं उडी मारली, बरोबरच केलं. फक्त एक गोष्ट, बॉनेट उघडलं की सगळं दिसतं. कार्बोरेटर दिसतो, पंप दिसतो, डिस्ट्रिब्युटर दिसतो, मधे हात घालायला जागा आहे, आणि प्रत्येक वस्तू दोन-चार नटांवर बसवलीय. ज्यानं बनवली त्याला माहीत होतं की ही कुठंतरी बंद पडणार आणि तिथं जो असेल तो उघडणार.

आता गाडी उचलायची गोष्ट. आमच्या भागात कुणी गाडीखाली शिरणार असेल तर पहिल्यांदा काय आणतो, तर चिरा. तांबडा जांभा दगड, खानापूरकडचा, प्रत्येक घराच्या मागं दोन-चार पडलेले असतातच, जॅकनं उचलायची आणि ॲक्सलखाली चिरा सरकवायचा. चिरा भिंतीत बसला की शंभर वर्षं टिकतो पण एका कोपऱ्यावर लोखंड टेकवून वजन दिलं की कधी फुटेल सांगता येत नाही, ओला असेल तर अजूनच. मी स्पष्ट सांगतो, नुसत्या जॅकवर नाही, चिऱ्यावर नाही, विटेवर तर नाहीच नाही. जॅकस्टँड पाहिजेत. माझे तिसऱ्या रेल्वे गेटपलीकडं उद्यमबागेत एका फॅब्रिकेशनवाल्यानं करून दिले. उद्यमबाग म्हणजे फाउंड्र्या, लेथ, हायड्रॉलिकचे कारखाने, देशभरच्या गाड्यांचे ओतीव भाग इथनं जातात, तिथल्या माणसाला दोन स्टँड म्हणजे चहा पिता पिता करायचं काम. पण त्यानं आधी गाडीचं वजन विचारलं, मग उंची, मग जमीन कसली आहे विचारलं, माती की फरशी, आणि माती म्हटल्यावर खाली रुंद पत्रा मारून दिला. मी स्टँड मागितले होते, पत्रा त्याला सुचला.

ऑईल बदलणं सगळ्यात सोपं, त्यावर जास्त लिहित नाही. गाडी फिरवून आणायची, गरम असतानाच चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याचा, बोल्ट काढायचा म्हणजे गाळ सगळा खाली येतो, तांब्याचा वॉशर नवा घालायचा, आणि बोल्ट ताकद लावून आवळायचा नाही. या बाबतीत आमचे चाचा, म्हणजे ज्यांच्याकडं मी हे सगळं शिकलो ते जुने मिस्त्री, कायम ओरडतात, "अरे कायकू इत्ता कसता रे, आटे जाएंगे!" चेंबरचे आटे गेले की मग पुन्हा लेथवाल्याची पायरी. ऑईल साधं मिनरल 20डब्ल्यू-50, या इंजिनाला महागडं सिंथेटिक घालून काही मिळत नाही, उलट जुन्या सीलमधनं गळतं. निघालेलं जळकं ऑईल गटारीत ओतायचं नाही, मी कॅनमध्ये भरून ठेवतो आणि ते भंगारवाल्याकडं जायच्या आधीच कुणीतरी मागायला येतं, वाळवी लागलेल्या वाशांना मारायला.

खरी मजा पॉइंटमध्ये आणि टॅपेटमध्ये. हल्लीच्या पोरांनी पॉइंट बघितलेलाच नसतो म्हणून सांगतो. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली नखाएवढे दोन धातूचे ठिपके एकमेकांना चिकटलेले असतात, मधला दांडा फिरला की त्याची कड त्यांना क्षणभर वेगळं करते, ते वेगळे झाले की कॉइलमधला करंट तुटतो, आणि तो तुटण्याच्या धक्क्यानंच हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. म्हणजे जोडल्यामुळं नाही, तोडल्यामुळं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत असेल तर पॉइंट मिनिटाला सहा हजार वेळा उघडतो, सेकंदाला शंभर. आणि हे सगळं साधारण 0.4 मिलिमीटरच्या फटीवर अवलंबून. पॉइंटची टाच घासून घासून झिजते, फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो, ठिणगी उशिरा पडते, आणि गाडी चढाला रडायला लागते. मग लोक कार्बोरेटर उघडतात. कार्बोरेटरचा काही दोष नसतो, पण आपल्याकडं गाडी ओढत नाही म्हटलं की पहिला बळी त्याचाच.

फीलर गेजची पात फटीत घातली की ती अडकली पण नाही पाहिजे आणि मोकळी पण नाही, किंचित ओढ लागली पाहिजे, आणि ती "किंचित" कुठल्या पुस्तकात लिहून देता येत नाही. चाचांनी मला गेज हातात धरायला दिलं, माझ्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवली आणि पात ओढली. ये देख. बस, झालं शिकवून. पॉइंटचं तोंड काळं पडलं असेल तर बारीक पॉलिश पेपर, आणि त्यानंतर लग्नपत्रिकेचा कडक तुकडा मधे घालून दोनदा ओढायचा, कारण पॉलिश पेपरची बारीक पूड राहिली तर तीच पुन्हा जळते. आमच्या घरी लग्नपत्रिका टाकून देत नाहीत त्याचं कारण पाहुण्यांना वाटतं आम्ही फार माया लावणारी माणसं.

पावसाळ्यात याच टोपीचं अजून एक दुखणं. बेळगावचा पाऊस म्हणजे नुसता पडून जाणारा नव्हे, तो जून-जुलैत हवेत मुरून बसतो, कपाटातले कपडे सुद्धा दमट. टोपीच्या आत तो ओलावा धरतो, ठिणगी प्लगकडं जायच्या ऐवजी ओल्या बेकलाइटवरनं भलतीकडंच जाते आणि सकाळी स्टार्टर नुसता गुरगुरतो. टोपी काढून कोरड्या फडक्यानं आतनं पुसायची, चूलघर असेल तर चुलीजवळ पाच मिनिटं ठेवायची, लागते गाडी.

टॅपेट करायचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारी तरफ यांच्यातली फट ठरवायची, तर इंजिन थंड पाहिजे, म्हणून सकाळी लवकर. प्लग काढायचे म्हणजे इंजिन हलकं फिरतं, गाडी टॉप गिअरला टाकायची आणि सपाट जागेवर हळूहळू पुढं ढकलायची, की आतलं सगळं फिरताना दिसतं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, एक-तीन-चार-दोन, त्यामुळं एक आणि चार जोडीदार, दोन आणि तीन जोडीदार. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह हलायला लागले, एक मिटतोय दुसरा उघडतोय, की त्या वेळी एक नंबर मोकळा असतो, त्याची फट बघायची. मग उलटं. कागद-पेन्सिल लागत नाही. पुस्तकात दिलेला आकडा गेजवर काढायचा, लॉकनट ढिला करायचा, डिसमिसनं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरनं, स्क्रू फिरवायचा, लॉकनट आवळायचा आणि परत मोजायचं कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतोच.

पण कुठला टॅपेट बिघडलाय हे मला आधी सांगितलं शेजारच्या काकांनी, आणि काकांनी जन्मात गाडी चालवली नाही. वडगाव-शहापूर म्हणजे विणकरांची वस्ती, काकांचे यंत्रमाग घरातच, पन्नास वर्षं त्या खटखटाटात गेलीत, निम्मं ऐकू येत नाही आता. एका सकाळी मी गाडी चालू ठेवून बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होतो तर ते दात घासत कंपाउंडपाशी आले. "काय करूलास रे?" म्हटलं काका, आवाज येतोय कसलातरी. ते जरा थांबले, ब्रश तोंडात तसाच, आणि म्हणाले, "तीन मार सारखे पडूलालेत, चौथा मोकळा पडूलालाय. मागं त्या टोकाला बघ." मागच्या टोकाला म्हणजे चार नंबर. उघडून बघितलं तर चार नंबरच्या एक्झॉस्टला गेजच्या दोन पाती एकदम जाव्यात एवढी फट. काकांना त्याचं काही नवल नाही, मागावर एखादी धोटी, म्हणजे आडवा धागा नेणारी, कमी ताकदीनं बसली तर कापडात आडवी रेघ येते म्हणे, कान नाही दिला तर मजुरी कापली जाते.

हेच चाचांना सांगितलं तर ते म्हणाले वाजणाऱ्या टॅपेटला घाबरू नको, न वाजणाऱ्याला घाबर. फट जास्त असली तर नुसता आवाज, पण फट अजिबात नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, गरम वायू कडेनं सुटत राहतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. गाडी मात्र एकदम गप्प, गोड चालते, महिनाभर.

ग्रीसिंग हे काम मला सगळ्यात आवडतं, बायकोला सगळ्यात कमी, कपड्यांमुळं. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला ग्रीस भरायच्या निप्पल आहेत, आणि आमच्या तांबड्या मातीनं त्या कायम बुजलेल्या असतात. आधी पिनेनं तोंड उकरायचं, पुसायचं, मग गन लावायची. पुसलं नाही तर तीच माती ग्रीसबरोबर आत जाते आणि आपण पैसे देऊन पिन घासतो. गन दाबली की आधी काही होत नाही, मग कडेनं काळं चिकट येतं, मग विटकरी रंगाचं, बारीक वाळू हाताला लागते त्यात, आणि शेवटी स्वच्छ पिवळं ग्रीस डोकावलं की थांबायचं. गाडी स्टँडवर, चाक अधांतरी असताना गन मारायची, म्हणजे पिनवर वजन नसतं आणि ग्रीस वरपर्यंत चढतं. एवढं केलं की स्टिअरिंग दुसऱ्या दिवशी ओळखू येत नाही.

आता पेट्रोलचं दुखणं. आमचा जिल्हा उसाचा. अथणी, चिकोडी, रायबाग, गोकाक, जिकडं बघावं तिकडं ऊस, कर्नाटकातले सगळ्यात जास्त साखर कारखाने आमच्याकडं, आणि निजलिंगप्पांच्या नावाची साखर संस्था सुद्धा बेळगावातच. हंगामात हायवेवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं तासभर रांगावं लागतं. त्याच उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये येतं. वीस टक्क्यांचं धोरण आधी 2030 साठी होतं, मग ते 2025-26 वर आणलं, फेब्रुवारी 2023 मध्ये बेंगळूरला त्याचा शुभारंभ झाला आणि आता बहुतेक पंपांवर दुसरं काही मागायची सोयच नाही. माझे निम्मे नातेवाईक ऊसवाले, त्यांना कारखान्याकडनं चार पैसे वेळेवर मिळत असतील तर माझी तक्रार नाही. पण तोच ऊस माझ्या गाडीचा रबर खातोय हे पण खरंच की.

जुन्या गाडीत काय होतं, तर पंपाचा पडदा आणि पेट्रोलच्या नळ्या ज्या रबराच्या आहेत त्यांना इथेनॉल सोसत नाही, फुगतात, मऊ पडतात, मग चिरा जातात. दुसरं, टाकीत वर्षानुवर्षांचा जो वार्निशासारखा थर असतो तो इथेनॉल सोडवतं आणि तो कचरा थेट कार्बोरेटरच्या बारीक भोकात, जेटमध्ये. तिसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आमच्याकडं चार महिने हवेत पाणीच पाणी, गाडी उभी राहिली तर पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं आणि पत्र्याची टाकी आतनं गंजते. वर इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे ॲव्हरेज विचारणाऱ्यांना आता मी उत्तरच देत नाही.

उपाय आहेत. नळ्या सगळ्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या व्हायटन रबराच्या घातल्या, साध्या काळ्या नळीच्या कितीतरी पट महाग, खडेबाजारच्या दुकानदारानं मीटरभर नळी कापताना दोनदा विचारलं नक्की पाहिजे काय म्हणून. "साधी घेऊन जावा की सर, नडीतैती," म्हणजे चालून जाईल. चालून जातं ओ, पण एक्झॉस्टच्या वर पेट्रोल ठिबकायला लागलं तर काय काय चालून जाईल. टाकी आणि पंपाच्या मधे पारदर्शक फिल्टर टाकला, तो विटकरी झाला की बदलायचा. आणि गाडी आठवड्याला बाहेर काढायची, नुसती अंगणात पाच मिनिटं चालू ठेवून बंद करायची नाही. त्यानं फायदा तर नाहीच, उलट ऑईल पुरतं तापत नाही, चेंबरमध्ये पाण्याचा घाम धरतो आणि प्लग काळे पडतात. मी येळ्ळूरपर्यंत जाऊन येतो, राजहंसगडाच्या चढाला टॅपेटची परीक्षा पण होते.

ब्रेकचं मी घरी फक्त ब्लीडिंग करतो, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढतो. लायनर, व्हील सिलिंडर असली कामं चाचांच्या डोळ्यासमोर, कारण चोर्ला घाट उतरताना मला आत्मविश्वासाची परीक्षा द्यायची नाही. ब्लीडिंगला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकापाशी. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक ब्रेक ऑईलच्या बाटलीत बुडलेलं. पेडलवर माझी दहावीतली मुलगी असते, तिला मी खालनं ओरडतो, दाब, धर, आणि मी निप्पल आवळल्याशिवाय सोडायचं नाही. तिनं मधेच सोडलं तर नळीतनं हवा परत आत. सुरुवातीला ती मोबाईल बघत दाबायची. मग एकदा तिला खाली बोलावून नळीतले बुडबुडे दाखवले, तिनं विचारलं एवढ्याशा बुडबुड्यानं काय होतं, म्हटलं ऑईल दाबलं जात नाही पण हवा दाबली जाते, तुझा पाय हवा दाबण्यात संपला तर चाक कोण थांबवणार. पास्कलचा नियम तिला शाळेत झालाय, पाठ पण आहे. आता ती "धरलंय" असं वरनं स्वतःहून सांगते.

व्हील सिलिंडरचे रबर कप कोल्हापूरहून येतात. मुंबईत टॅक्सी होत्या तोवर फियाटच्या पार्टना तोटा नव्हता, ऑक्टोबर 2023 अखेरीस तिथली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी पण रस्त्यावरनं गेली आणि दुकानदारांनी नवा माल भरणं सोडलं. कोल्हापुरात अजून एक-दोघांकडं जुना साठा आहे. अंतर शंभर-एकशेदहा किलोमीटर, पण मधे कोगनोळीचा सीमेवरचा नाका. सीमाप्रश्न तापला की पहिल्यांदा बस थांबतात, 2022 च्या डिसेंबरात थांबल्या होत्या तेव्हा माझे ब्रेकचे कप पलीकडं आणि चाकं काढलेली गाडी अलीकडं. शेवटी निपाणीतल्या एका दूधवाल्यानं ते खिशात घालून आणले, त्याला विचारलं पैसे किती तर म्हणाला खिशाला काय वजन झालं काय.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण बरेच जण विचारतात. पंधरा वर्षांनंतर आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू करायची, एप्रिल 2022 पासून कारची फी 600 वरनं 5,000 झाली, त्यानंतर अजून वाढवलीय, ग्रीन टॅक्स वेगळा. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला 2021 च्या नियमांत व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली वगैरे. मला माझी भाजी आणायलाच पाहिजे. इन्स्पेक्शनच्या आधी लाइट, हॉर्न, वायपर, हँडब्रेक तेवढं आदल्या दिवशी बघून घ्या, नाहीतर परत हेलपाटा.

सध्या मागच्या उजव्या चाकाला ब्रेक धरतोय, दहा किलोमीटर गेलं की ड्रमला हात लावून बघितला तर तोच एक तापलेला, बाकीचे तीन गार. एकतर सिलिंडरचा कप फुगलाय किंवा हँडब्रेकची केबल आत अडकलीय. रविवारी उघडायचाय. चाचांना फोन केला तर म्हणाले दुपारनंतर आ, खाना खाके आ, और ड्रम खींचने का पुलर तू ही लेके आ, मेरा कोई लेके गया वापस नहीं दिया. कुणी नेलाय ते मला माहितीये, काल संध्याकाळीच त्यांच्या मागाच्या खोलीत खुंटीला टांगलेला बघितला, पण काकांकडं तो मागायला जायचं म्हणजे आधी तासभर बसून चहा घ्यावा लागणार.